मर्टी लूनीचा सोमवारचा सौदा

आमच्या गावात एकाच दारातून आत गेलं की पिता येतं, गाता येतं आणि मेल्यावरची सोयही होते. पुढे नोनीचा पब, मधल्या खोलीत जुन्या वाद्यांचं दुकान, मागे शवपेट्या. आयर्लंडमध्ये, क्लेअरच्या पश्चिम किनाऱ्यावर यात कुणालाही वावगं वाटत नाही. नोनी माझी मावसबहीण, साठी उलटलेली, जीभ अशी फटकळ की गिऱ्हाईक घाबरून जास्तच विकत घेतं.

तिची एक वस्तू मात्र खपत नव्हती. दोन्ही तळव्यांत धरून दाबायची, भात्याची छोटी कॉन्सर्टिना. मर्टी लूनी दर सोमवारी गुरांचा बाजार आटोपून यायचा, तिच्यावर अर्धी धून वाजवायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"हिला दमा आहे. पाचशे युरो देतो."

"आठशे. आणि दमा तुला आहे, मेल्या."

"साडेपाचशे."

"चल नीघ! घरी बायको जेवायची थांबली असेल."

वीस वर्षं हे गुऱ्हाळ चाललं. आमच्याकडे सौदा ठरला की तळहातावर थुंकायचं, हातावर हात मारायचा आणि विकणाऱ्याने शकुनाचं एक नाणं परत द्यायचं. या दोघांची गाडी तिथवर कधी गेलीच नाही.

त्या हिवाळ्यात मधल्या खोलीचं छप्पर धो धो गळायला लागलं. बोस्टनहून एक माणूस शनिवारी येऊन कॉन्सर्टिना रोख घेणार होता. तेवढ्या पैशांत नवं छप्पर झालं असतं. तोवर ती भिजू नये म्हणून नोनीने ती एका शवपेटीत, पायथ्याच्या साटीनच्या अस्तराखाली सारली. घरात तेवढीच जागा कोरडी होती.

आणि गुरुवारी मर्टी गेला. बाजारात एका गोऱ्ह्याचा भाव पाडता पाडता गेला. त्याची पोरं येऊन शवपेटी घेऊन गेली. शुक्रवारी संध्याकाळी ग्लास भरता भरता नोनी किंचाळली, "अगं बाई! मर्टी माझं छप्पर घेऊन गेला!"

मला ओढतच तिने लूनींच्या घरी नेलं. मर्टी बैठकीत उघड्या शवपेटीत निजलेला. रांगेने जायचं, घरच्यांचे हात हातात घ्यायचे, मर्टीच्या हाताला हात लावायचा, मग चहा आणि हॅमचं सँडविच. नाही म्हणायची सोय नाही. नोनीने पायथ्याकडे हात सरकवला, तर मागच्या बाईने पुढे ढकललं. चहा प्यायली, पुन्हा रांगेत उभी राहिली. पुन्हा चहा. तिसऱ्यांदा तर तिने मर्टीच्या पायांशी गुडघेच टेकले आणि साटीनखाली कोपरापर्यंत हात घातला.

"किती जीव होता हो हिचा त्याच्यावर," मागून कुणीतरी कुजबुजलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

एवढ्यात तिचं बोट कुठल्यातरी बटणावर पडलं आणि मर्टीच्या टाचांखालून लांबलचक कण्हणं निघालं. फादरच्या हातातली जपमाळ पडली. थोरला मुलगा पांढराफटक. "बाबा?"

टेस, मर्टीची बायको, तेवढी जागची हलली नाही. "कॉन्सर्टिना आहे ती. काढ गं नोनी, तुझा बोस्टनवाला उद्या यायचाय. यांनी ती घेतलीच नसती. वाढदिवसाला मी आठशे युरो हातावर ठेवले होते, तसेच परत आणले. म्हणाले, ती घेतली तर सोमवारी जाऊ कुठे?"

नोनीचा हात साटीनखालीच राहिला.

"याआधी हिला दोन गिऱ्हाइकं आली होती," ती म्हणाली. "विकली गेली म्हणून मीच सांगितलं. या वेळी छपराने इलाज ठेवला नाही."

मग हात रिकामाच बाहेर काढून ती उठली, फादरच्या देखत तळहातावर थुंकली आणि मर्टीच्या थंडगार हातावर टाळी दिली. एप्रनच्या खिशातलं एक नाणं त्याच्या बोटांत सरकवलं.

"घे. पाचशेला दिली. जिंकलास, मेल्या."

फादर छताकडे बघत राहिले. टेसने नोनीला चहा दिला. तिसरा.

शनिवारी प्रेतयात्रा पबसमोरून गेली. दारात बोस्टनवाला उभा. "विकली," नोनी त्याला चालता चालता म्हणाली. पुढे उतारावर शवपेटी कलली आणि आतून पुन्हा तो कण्हण्याचा आवाज आला. खांदेकरी थबकले.

"बघ, आहे ना हिला दमा!" नोनी मागून ओरडली, सवयीने, मर्टीच्याच सुरात. आणि उत्तर द्यायला कुणी नाही म्हटल्यावर भर रस्त्यात मोठ्याने रडायला लागली.