ताप पाहणारे चाचा

चाचा कुठल्याही वस्तूला हात लावायचे तो पालथा. चहाचा ग्लास असो, ट्रॅक्टरचं रेडिएटर असो की दुकानाचं शटर, उजवा हात पालथा करून टेकवायचे, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. "एकशेएक." त्यांचं सगळं मोजमाप तापाच्या आकड्यांत चालायचं आणि एकशेसहावर संपायचं. मे महिन्याच्या दुपारी कुणी विचारलं, "चाचा, आज रस्त्याले किती?" तर म्हणायचे, "एकशेसहा. त्याच्यापुढं डॉक्टरबी मोजत नाई."

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमची गल्ली कमनशिबी, एवढंच म्हणते.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या आणि माझ्या दुकानात एक भिंत होती, तीही छतापर्यंत पोचलेली नव्हती. तिकडे ते रेडिएटर दुरुस्त करायचे, इकडे मी लग्नपत्रिका तयार करायचे आणि लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. लग्न बाळापूरच्या मंगल कार्यालयात, आणि नवरा-नवरी बर्फाच्या डोंगरावर. नवरीच्या डोक्याभोवती गुलाब फिरवायचे, नवरदेवाच्या छातीतून बदाम काढायचा. लोक खूश, मीही खूश.

खूश नव्हता तो दादा. आमचं घर अमरावतीचं, वडील वकील, दादा वकील. घरातली मुलगी अकोल्यात एकटी खोली घेऊन राहते आणि लोकांच्या छातीतून बदाम काढते, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. शेवटी दादाने निकाल दिला. "हा एक सीझन. मेअखेरीस मी येऊन पाहतो. चाललं तर चाललं, नाहीतर शटर ओढायचं आणि माझ्या ऑफिसात टायपिंगला बसायचं." मी तोऱ्यात हो म्हटलं. दादाकडचं टायपिंग म्हणजे जन्मभर वादी आणि प्रतिवादी. त्यापेक्षा मला गुलाब प्यारे होते.

आणि नेमकं त्याच मे महिन्यात माझं मशीन दुपारी दोनला बंद पडायला लागलं. कॅसेट जुळवून झाली की शेवटी पिक्चर तयार व्हायला कॉम्प्युटर तीन-चार तास सलग चालावा लागायचा. वीज सकाळ-संध्याकाळ जायची, रात्रीचा भरवसा नव्हता. सलग मिळायची ती बारा ते चार. म्हणजे अकोल्याचं ऊन जेव्हा कळस गाठतं तेव्हाच. साठ टक्के, पासष्ट टक्के, आणि फट्. पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. झाकण काढून पाहिलं, टेबलफॅन लावून पाहिला, शिव्या देऊन पाहिल्या.

शिव्या भिंतीवरून पलीकडे गेल्या असाव्यात. चाचा आले, कॉम्प्युटरच्या पाठीवर पालथा हात ठेवला. "एकशेचार. बेटा, याले पाणी पाजा लागते."

मला हसू आलं नाही, कारण मी एका इंग्रजी मासिकात तसाच फोटो पाहिला होता. कॉम्प्युटरच्या पोटात पारदर्शक नळ्या, आतून निळं पाणी फिरतंय. मासिक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून मिनिटभर पाहिलं आणि निराश झाल्यासारखे म्हणाले, "हे तं ट्रॅक्टर हाय. छोटा." हे इंजिन, हा पंप, हे रेडिएटर, ही टाकी. इंजिनाच्या जागी चिप, एवढाच फरक. मला दोन दिवसांत न कळलेलं त्यांना चहा निवायच्या आत कळलं.

त्या वर्षांत त्यांच्याकडे काम कमीच होतं. "ट्रॅक्टर उभे हायेत, मंग रेडिएटर काहून फुटन?" असं म्हणून रिकाम्या दुकानात हत्यारं पुसत बसायचे. पेपरात रोज शेतकऱ्यांनी जीव दिलेल्या गावांची नावं यायची आणि आमच्या गल्लीत ती बातमी कुणी मोठ्याने वाचत नसे. म्हणून असेल, पण माझ्या मशीनच्या तापावर ते तुटून पडले.

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत जोडून होईल. कसलं काय. "आधी कागद," चाचा म्हणाले. कागद म्हणजे माझ्याकडच्या चुकलेल्या लग्नपत्रिका. मागची बाजू कोरी असायची. तिच्यावर ते पेन्सिलीने पंप काढायचे, नळी काढायचे, बाण काढायचे आणि मग बाणावर बोट ठेवून थांबायचे. "हवा कुठून जाईन?" नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की इंजिन गेलं. चाळीस वर्षं त्यांनी हाच एक प्रश्न जगाला विचारला होता. उत्तर मिळालं नाही की पत्रिका बाद, दुसरी घे. असे अकरा नकाशे झाले. ओळखायला सोपं म्हणून आम्ही नकाशांना पत्रिकेवरचीच नावं दिली.

एकदा एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन काउंटरवर बसले होते. भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला. "बेटा, सुनीता बाद. तिच्यात हवा अडकते."

"मग वैशाली?" मी इकडून विचारलं.

"वैशाली गळते. मले तं प्रमोद पसंत हाय. फक्त त्याचं डोकं थोडं वर घ्या लागन."

गृहस्थांनी मजकूर घडी घालून खिशात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमी स्थळंबी पाह्यता का?"

शेवटी प्रमोदच ठरला. सामान गोळा करताना मला तर अंगात आल्यासारखं झालं होतं. पंप कूलरचा. नळी गवंड्याची, पाणसळ पाहायची पारदर्शक. टाकी म्हणून आईने दिलेली लोणच्याची बरणी. कितीही धुतली तरी कैरीचा वास गेला नाही. तांब्याची डबी चाचांनी स्वतः डाग देऊन बनवली, चिपवर बसेल अशी, काडेपेटीएवढी. आणि रेडिएटर? भंगारातल्या एका व्हॅनच्या हीटरचं, वहीएवढं. अकोल्यात गाडीचा हीटर लावतो कोण? कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. चाचा त्याला गोंजारत म्हणाले, "गरीब बिचारं. याले जिंदगीत पहिल्यांदा काम भेटून राहिलं."

सगळं जोडून घमेल्यात बुडवलं आणि सायकलच्या पंपाने हवा भरून पाहिली, पंक्चरवाला पाहतो तशी. बुडबुडा नाही. मग पेपर अंथरून त्यावर एक अख्खा दिवस नुसतं पाणी फिरवलं. "कागद ओला तं काम कच्चं." कागद कोरडा राहिला. मशीनला जोडलं त्या दुपारी दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले. पिक्चर पूर्ण झालं. चाचांनी पालथा हात ठेवला, डोळे मिटले. "अठ्ठ्याण्णव." मी आनंदाने काउंटरवर चढून बसले. त्या आठवड्यात तीन लग्नं मोकळी केली.

मग दादा आला. मेअखेर, भर दुपारी, पांढरा शर्ट, बगलेत बॅग. स्टूलवर बसून म्हणाला, "दाखव काय करून राहिली तू." पडद्यावर भातकुली गावातलं एक लग्न तयार होत होतं. नवरीचे वडील चारला न्यायला येणार होते. ब्याऐंशी टक्के. सगळं छान चाललं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात खास पाहुणा आला की कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकतात. पाहुण्याचा मान असतो तो. चाचांनी दादाचा मान राखला. स्वतःच्या दुकानातला कूलर इकडे आणून त्यात लादी टाकली, आणि मायेने उरलेला सगळा बर्फ लोणच्याच्या बरणीतही टाकला.

पाच मिनिटांत नळ्यांना घाम फुटला. कूलरची दमट हवा, आत बर्फाचं पाणी. मटक्याला पाझर सुटतो तशा नळ्या बाहेरून पाझरू लागल्या. एक थेंब नळीच्या पोटाशी लोंबकळत होता आणि त्याच्या बरोब्बर खाली माझं व्हिडिओ कार्ड. बंद करावं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि चारला वीज जाणार. नाही करावं तर मशीनच जाणार. दोन्हीकडून अमरावती.

चाचा पांढरे पडले. "माह्या हातानं झालं," एवढंच बोलले. मग कूलरचं बटण बंद केलं, बरणीतला बर्फ हाताने उपसला आणि नळाखाली बादली धरली. टिनावरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात नुसतं कढत असतं. ते बरणीत ओतत दादाला म्हणाले, "वकीलसाहेब, रुमाल हाय?"

दादाने इस्त्रीचा रुमाल काढला. "कुठे धरू?"

"इथं. हलू नका."

आणि माझा भाऊ, ज्याच्यासमोर पक्षकार खुर्चीच्या टोकावर बसतात, तो फरशीवर मांडी घालून, कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून, थेंब टिपत बसला. कूलर बंद, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. शहाऐंशी. नव्वद. "किती झाले?" दर मिनिटाला विचारायचा. एकदा मी पटकन सांगितलं नाही तर माझ्यावरच ओरडला. नळ्या हळूहळू सुकल्या तरी त्याने रुमाल हलवला नाही. शंभर टक्के झालं तेव्हा तिघंही जे हसत सुटलो ते नवरीचे वडील दारात येऊन उभे राहीपर्यंत. त्यांनी तिथेच पिक्चर पाहिलं. मुलीच्या डोक्याभोवती गुलाब फिरले तसे त्यांचे डोळे भरून आले. दादा ओला रुमाल हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

दादा निघाला तेव्हा चाचांनी त्याचा हात धरून पालथा केला आणि मशीनवर ठेवला. "किती?"

दादाने डोळे मिटले. "नव्व्याण्णव?"

"एकशेएक. पण सुधरान तुमी."

रिक्षात बसता बसता दादा मला म्हणाला, "पुढच्या सीझनला बर्फ नका टाकू." पुढचा सीझन, असं तो म्हणाला. टायपिंगचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर पाच उन्हाळे चाचा रोज दुपारी दोनला येऊन मशीनचा ताप पाहून गेले. सहाव्या वर्षी, पावसाळ्यात, त्यांचं दुकान चार दिवस बंद दिसलं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. खाटेवर होते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून मुलीने खिडक्या लावल्या होत्या, त्यावरून तिच्याशी भांडत होते. "हवा कुठून जाईन? उघड ते." मी जवळ बसून त्यांच्या कपाळावर पालथा हात ठेवला.

"किती?" त्यांनी विचारलं.

कपाळ भाजत होतं. मी म्हटलं, "नॉर्मल आहे, चाचा."

"पाच साल काय शिकली तू," ते म्हणाले. "एकशेतीन हाय." मग जरा वेळाने, "अन् मशीन?"

"अठ्ठ्याण्णव."

"मंग ठीक हाय."

तिसऱ्या दिवशी ते गेले. भिंतीपलीकडे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

माझं दुकान आहे. मशीन चार वेळा बदललं, पाण्याचा सरंजाम आता कंपनीकडूनच बसवून येतो आणि त्याला कैरीचा वास येत नाही. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला दादाचा अमरावतीहून फोन येतो. बाकी काही विचारत नाही, फक्त "ताप किती?" मी पालथा हात ठेवते, डोळे मिटते. मला अजूनही काही कळत नाही. मी अठ्ठ्याण्णव सांगते आणि तो म्हणतो, "मंग ठीक हाय."