कानातलं मशीन आणि चार मुके दिवस

परभणीच्या कानाच्या मशीनवाल्यानं मला फसवलं. मला, ज्याला सोनपेठच्या आठवडी बाजारात आजवर कुणी फसवू शकलं नाही.

मेंढ्यांचा सौदा आम्ही बोलून करत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. याच बोटांवर मी दोन मेंढ्यांपासून अख्खा कळप उभा केला. म्हणूनच माझे कान कधी गेले ते मलाच उशिरा कळलं. धंद्याला कान लागतच नव्हते.

घराला लागत होते. माझ्या बायकोचा आवाज मुळात बारीक. तेच तेच चारदा सांगायचं, वर मी खेकसायचो, "नीट बोल की!" शेवटी तिनं बोलणंच सोडलं. ताट पुढं सरकवायची, बोटानं दाखवायची. मुली सासरी गेलेल्या. घरात आम्ही दोघंच, आणि दोघं दोन गावांत राहिल्यासारखे.

मशीन आणलं त्या संध्याकाळी ती भाकरी थापता थापता शेजारणीच्या म्हशीबद्दल काहीतरी पुटपुटली आणि मी उत्तर दिलं. तिचा हात परातीतच थांबला. त्यानंतर रोज बोलायची. कितीतरी वर्षांचं साठलेलं.

मशीन घेताना मी दुकानदाराला विचारलं होतं, "भिजलं तर?"

"काका, बिनघोर वापरा. पाण्यानं काही होत नाही."

तो शब्द मी धरला.

लोकर कातरण्याआधी आम्ही मेंढ्या गोदावरीत धुतो. बायको काठावरून ओरडली, "आवं, कानातलं काढा आधी!"

"दुकानदार तुझ्यापेक्षा शहाणा हाय," मी म्हणालो.

थोड्या वेळानं एका मेंढ्यानं ढुशी मारली आणि मी डोक्यासकट पाण्यात. वर आलो तेव्हा मेंढ्या नुसती तोंडं उघडत होत्या.

घरी येऊन मशीनमधला सेल काढला. तुरीच्या दाण्याएवढा, चपटा. फडक्यानं पुसला. आता सुकवायचा कशात? लोकर ओल ओढते, एवढं मला बापापासून माहीत. घरातल्या कच्च्या लोकरीच्या गोळ्यात सेल आणि मशीन गुंडाळून डबीत ठेवलं. दोन दिवसांनी लावून बघितलं. मुकंच. पुन्हा गुंडाळलं. नवा सेल परभणीलाच मिळतो, आणि त्या माणसाच्या दुकानाची पायरी मला चढायची नव्हती.

बायकोला बोलायची सवय लागली होती. चुलीपाशी ओठ हलायचे, मग माझ्याकडं बघून थांबायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती थांबली नाही. बराच वेळ बोलली. रडली नाही, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी नुसती मान हलवत राहिलो.

पाचव्या दिवशी बाजार होता. तिथल्या घड्याळवाल्यापुढं डबी ठेवली. त्यानं बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून निम्म्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "मामा, पाणी कवाच वाळलंय! लोकरीचं तेल बसलंय ह्याच्यावर. ह्या सेलला बारीक भोकं असत्यात, त्यातनं हवा घेतो तो. तुमी गळाच दाबला की त्याचा!"

बाजार हसला असावा. मला दात दिसले.

त्यानं कापसाला स्पिरिट लावून सेल पुसला, आतल्या पट्ट्या ब्रशनं घासल्या, सगळं उघड्यावर ठेवलं. चहा पिऊन होईपर्यंत थांबलो. मशीन कुईं करून जागं झालं.

घरी पोचताच विचारलं, "त्या दिवशी काय म्हणत होतीस?"

"काई न्हाई."

"सांग की!"

"एकदा सांगून झालं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परभणी गाठली. भांडायला पायरी चढलो. तो म्हणतो, "काका, मी घामाचं बोललो होतो. नदीत बुडवा म्हणलो नव्हतो."

लोकर माझी, मान्य. मेंढा माझा, तेही मान्य. पण शब्द त्याचा होता. रुमालाखाली दाबलेलं बोट मी जन्मात पलटलं नाही, आणि हा भरदिवसा तोंडानं दिलेला शब्द पलटतो. मला पैसे परत नकोत. माझी बायको त्या संध्याकाळी काय बोलली, ते त्यानं मला आणून द्यावं. जमत नसेल तर माझ्या घरी यावं, चुलीपाशी बसावं आणि तिला जबाब द्यावा.