फानबाईंची जांभळी जीभ

चीनमधल्या हूचौ गावात कालव्यालगत आमचा दवाखाना आहे. तिथे जडीबुटी तोलायचं काम माझ्याकडे, आणि तराजूमागून मला सगळं दिसतं. सगळ्यात जास्त दिसतो तो फानबाईंचा जळफळाट.

फानबाई आणि मिन एकाच गुरूच्या शिष्या. फानबाई थोरल्या, मिन बरीच धाकटी. एकाच खोलीत दोन टेबलांवर दोघी बारीक सुया टोचून रोग्यांवर उपचार करतात. आमच्याकडे माणूस बरा झाला की डॉक्टरच्या नावाची लाल मखमली पताका आणून भिंतीवर टांगतो. मिनच्या मागची भिंत लालभडक. फानबाईंच्या मागे एकच पताका, तीही उन्हानं विटलेली.

"पताका शिवणाऱ्याशी संधान असेल बयेचं," असं मला म्हणत फानबाई खणातून तिळाची वडी काढायच्या. मनस्तापापायी बेसुमार वाढलेलं लोकांचं खाणं आवरायचं हे त्यांचं रोजचं काम. पण मिनकडे पताका आली की त्यांचा स्वतःचा खण रिकामा! आपली नाडी आपण पाहू नये, असं आमच्यात म्हणतात. आणि मिनला दाखवण्यापेक्षा त्यांनी हात तोडून घेतला असता.

माओ काकू रेशीमगिरणीतल्या निवृत्त कामगार. सुनेशी खटका उडाला की वाफवलेल्या पावांचं अख्खं पातेलं फस्त करायच्या. फानबाईंनी त्यांना सुया टोचल्या, कानाला मोहरीएवढं काळं बी चिकटवून दिलं. खायची हुक्की आली की ते चिमटीत दाबायचं. काकू दाबायच्याही आणि खायच्याही. शेवटी त्या मिनच्या टेबलावर गेल्या. मिननं सुया कमी टोचल्या, सुनेची गाऱ्हाणी जास्त ऐकली. वसंत सरेस्तोवर काकूंचे कपडे ढगळ झाले, आणि त्या पताका घेऊन आल्या.

"फानबाई, जरा सरका हो. खिळा तुमच्या बाजूला ठोकावा लागेल, तिच्याकडे जागाच उरली नाही."

फानबाई सरकल्या. बाहेर पडल्या आणि तोंड मिटून परत आल्या. सगळी रांग बघत असताना त्या मिनच्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"मिन, बरं वाटत नाही गं. बघ जरा."

त्यांनी जीभ बाहेर काढली. पार जांभळी!

माझ्या लगेच ध्यानात आलं. कालव्याकाठी तुती पिकल्या होत्या. आमच्या वैद्यकात जांभळी जीभ म्हणजे रक्त साकळलं, गंभीर दुखणं. म्हणूनच आधी काय खाल्लं ते विचारायचं आणि मग जीभ पाहायची, हा गुरुजींचा पहिला धडा. मिन चुकावी आणि चारचौघांत तिचं हसं व्हावं, एवढ्यासाठी बाई तुती खाऊन आल्या होत्या.

मिनचा चेहरा पांढरा पडला. तिनं घाईनं नाडी धरली.

"ताई, कधीपासून हे? अंगावर का काढलंत?" उत्तराची वाट न बघता ती रांगेकडे वळली. "आज घरी जा सगळे." मग मला म्हणाली, "काका, गाडी बोलवा, ताईंना मोठ्या इस्पितळात न्यायचंय." तिचे डोळे भरून आले होते.

माओ काकूंनी वाकून पाहिलं. "अगं बाई, तुती खाल्ल्यात त्यांनी!"

रांग खो खो हसली. "एवढ्या पताका, आणि तुती ओळखता येईना!" कुणीतरी म्हणालं. फानबाईंना हवं होतं अगदी तस्संच झालं. पण त्या हसल्या नाहीत.

"गुरुजींनी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आधी काय खाल्लं ते विचारायचं."

"मग विचारलं का नाहीस?"

"समोर तुम्ही होतात, ताई," मिन म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं."

फानबाई उठल्याच नाहीत. त्यांनी केस मागे सारून कान पुढे केला. "लाव बी. आणि हळू लाव, मेले."

त्यांचा मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. परवा मिनला नवी पताका आली तेव्हा बाईंचा हात आधी खणाकडेच गेला. मग कानाकडे. इतक्या जोरात दाबलं की डोळ्यांत पाणी आलं. पण नंतर माझ्याकडून हातोडी मागून घेतली, आणि आपल्या विटलेल्या पताकेशेजारी मिनसाठी खिळा त्यांनीच ठोकला. थोडा वाकडाच.