बेसपासूनचं अंतर

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. सर्व्हेचं काम करणारा माणूस मी. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं धरून चाललो. अजूनही तसंच चालायचा प्रयत्न करतोय... फक्त आता दमलोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. जयपूर, दुर्गापुरा, दुपारचे साडेबारा. नाल्याच्या हद्दीची मोजणी होती. संतोषजी नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईंचं स्वयंपाकघर हद्दीत येतं की बाहेर राहतं, हे त्यावर ठरणार होतं. दुसऱ्याच दिवशी सुनावणी.

हातातलं जीपीएस यंत्र नुसत्या उपग्रहावर विसंबलं तर दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतं. म्हणून एका पक्क्या जागी दुसरं यंत्र ठेवतात – त्याला बेस म्हणतात. ते इंटरनेटवरून चूक किती ते, म्हणजे करेक्शन, कळवत राहतं. त्यासाठी टॅबलेटवर सॉफ्टवेअर लावायचं: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, मग यादीतून बेस निवडायचा. टॅबलेट नवा होता. तासभर एकच उत्तर... 'कनेक्शन फेल'. संतोषजी दारातून विचारत होत्या, "भैया, आज हो जाएगा ना?"

कितव्यांदा तरी यादी उघडली. तिच्यात एकच नाव – सोनवणे काकांचा बेस. काका भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. हे काम मला त्यांनीच शिकवलं. बनी पार्कमधल्या त्यांच्या गच्चीवर तो बेस असायचा. काका फेब्रुवारीत गेले. काकूंनी मशीन चालूच ठेवलं असेल, म्हटलं... विचार करायचंही त्राण नव्हतं. जुना पासवर्ड टाकला आणि दहा सेकंदांत जोडलं गेलं. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस पॉइंट झाले, एकदाही तुटलं नाही. स्वयंपाकघर हद्दीच्या दीड फूट बाहेर निघालं.

परतताना काकूंचे आभार मानायला थांबलो.

"कसलं मशीन रे?" काकू म्हणाल्या. "ते तर तेराव्यानंतरच खाली काढलं." त्यांनी कपाट उघडून दाखवलं. चादरीत गुंडाळलेलं, वायर वेगळी, वर धूळ.

मी तिथेच टॅबलेट उघडला. प्रत्येक पॉइंटपुढे बेसपासूनचं अंतर लिहिलेलं असतं. बनी पार्क ते दुर्गापुरा, म्हणजे कित्येक किलोमीटर यायला हवं. पहिल्या पॉइंटला १.२ मीटर. दुसऱ्याला १.२. एकेचाळीसच्या एकेचाळीस. मी नाल्याच्या काठाने अर्धा-पाऊण किलोमीटर चाललो होतो... आणि बेस पूर्णवेळ माझ्यापासून चार फुटांवर.

"काय झालं रे?"

"काही नाही काकू. बॅटरी संपत आलीय."

सुनावणीत ठरल्याप्रमाणे फेरमोजणी झाली, दुसऱ्या बेसवरून, दुसऱ्या माणसाकडून. सगळे पॉइंट जुळले. संतोषजींचं स्वयंपाकघर वाचलं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर म्हणाले, बग असेल. "मग करेक्शन आलं कुठून?" असं विचारल्यावर त्यांनी तक्रार नंबर दिला आणि फोन ठेवला.

काकूंना अंतराचं अजून सांगितलेलं नाही. परवा गेलो तेव्हा म्हणाल्या, "हे गेल्यापासून एकटाच राबतोस रे उन्हात." मी 'हो' म्हटलं... आणि आपण खोटं बोलतोय असं वाटत राहिलं.