भिंगरीचं हसू

चावीवाली बडबडी आहे असं गल्लीत कुणीही सांगेल, पण काम हातात असलं की ती अवाक्षर काढत नाही. जिन्याखालचं टीचभर दुकान, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या, आणि कुलपाला कान लावून बसलेली ही बाई. आतला खटका कुठे अडतोय ते तिला नुसतं ऐकून कळतं. वडिलांकडून आलेली विद्या आहे ती.

पोरीच्या बाबतीतही ती अशीच कान टवकारून असते. पोरगी नऊ वर्षांची, घरात तिला भिंगरी म्हणतात. पाचव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तेव्हापासून जेवणाआधी इन्सुलिनची सुई आणि ताटातल्या घासाघासाचा अंदाज. रक्तातली साखर एकदम उतरली की बाकीची मुलं घामेजतात, थरथरतात. भिंगरी मात्र हसत सुटते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा घरातले सगळे तिच्याबरोबर खो-खो हसले होते, आणि हसता हसता पोर जमिनीवर कोसळली. ते हसणं चावीवालीच्या काळजात जे रुतून बसलं, ते कायमचं. मग भिंगरी हसली रे हसली की ही हातातलं टाकून धावणार, बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढणार आणि यंत्रावरचा आकडा येईपर्यंत श्वास रोखून धरणार. कोणतीही आई हेच करेल. पण इतकी वर्षं, एकदाही न कुरकुरता? तिथे मात्र हात जोडावेत.

तिचा धाकटा भाऊ एका प्रवासी जहाजावर लाँड्रीत कामाला. घरच्यांना सवलतीत सफर मिळते, चला, असं तो कधीचा म्हणत होता. भर समुद्रात काही झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं, म्हणून ती उडवून लावायची. भिंगरीने हट्ट धरला असता तरी ती बधली नसती. पण पोरीने हट्टच धरला नाही. 'नको तर नको' म्हणून ती गृहपाठाला बसली, आणि हे शहाणपण आईला टोचलं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मायलेकीच निघाल्या.

इन्सुलिन लागेल त्याच्या दुप्पट घेतलं, तेही दोन वेगळ्या पिशव्यांत. भाऊ म्हणाला, ताई, जहाज बुडालं तरी तुझं इन्सुलिन तरंगेल. तिने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. जहाजावर पाऊल ठेवल्यावर खोलीसुद्धा न बघता ती आधी डॉक्टरची खोली बघून आली.

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावर भिंगरीला मैत्रिणी मिळाल्या. घसरगुंडीवरून एक जाडा काका उलटा घसरत आला आणि पोरी खिदळल्या. चावीवाली चपला सोडून ओल्या फरशीवरून धावली. आकडा अगदी चांगला. थोड्या वेळाने पुन्हा हसू, पुन्हा धावपळ, पुन्हा आकडा चांगलाच. जेवताना मामाने नाकाला चमचा चिकटवून दाखवला तेव्हा तर आई उठायच्या आतच भिंगरीने बोट पुढे केलं. हसू केव्हाच मावळलं होतं. मैत्रिणी टकामका बघत होत्या.

खोलीत आल्यावर पोरगी पलंगावर बसून म्हणाली, "आई, मी घरी हसत नाही. तुला माहितीये?"

का गं, असं आईने विचारलं.

"हसले की तू पळत येतेस. तुझा चेहरा कसातरीच होतो. मग मी दाबून टाकते."

चावीवाली तिच्याशेजारी पलंगावर बसली. घरात हसू ऐकू येत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय, अशीच तिची समजूत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि पोरीची कीव आली. तिने विचारलं, दोन्ही हसण्यांतला फरक तुला कळतो का?

"कळतो की. एकात मजा वाटते. दुसऱ्यात तोंडच हसतं, मला काहीच वाटत नसतं."

"मग ते दुसरं आलं की तू माझ्याकडे यायचंस. मी येणार नाही. जेवणाआधी आणि पोहण्याआधी तपासायचं, ते मात्र सुटणार नाही."

म्हणायला ती म्हणून गेली. संध्याकाळी मुलांच्या दालनात जादूचे प्रयोग होते. भिंगरी पहिल्या रांगेत, आई आणि मामा शेवटच्या. जादूगाराच्या टोपीतून त्याचाच मोजा निघाला आणि भिंगरी हसली. चावीवाली अर्धवट उठली आणि परत बसली. मी बघून येऊ का, असं भावाने विचारलं, तर तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. पोरगी पुन्हा हसली. थांबेचना. तरी आई बसून राहिली.

तेवढ्यात भिंगरी उठली. लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, हसतच ती मागे आली आणि तिने बोट पुढे केलं.

"आई, हे माझं नाहीये."

साखर बरीच उतरली होती. चावीवालीने फळाचा रस पाजला, पोरीला कुशीत घेऊन बसली, थोडं थांबून पुन्हा तपासलं. आकडा वर आला तसा भिंगरीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने दोन बिस्किटं खाल्ली, तोंड पुसलं आणि आता हसले तर येऊ नकोस हं, असं बजावून ती पुढे पळाली.

जरा वेळाने पहिल्या रांगेतून तिचं हसू आलं, सगळ्यांत मोठं. चावीवाली जागची हलली नाही. ती रडत होती, आणि किती वर्षांनी लेकीचं हसणं शेवटपर्यंत ऐकत होती.