मोहाखाली बसणारा कुत्रा

आमच्या गावात मोहाची फुलं वेचायला जाताना कोणी कुत्रं सोबत नेत नाही. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी बल्लारपूरला कागद कारखान्याच्या वस्तीत वाढलेली, जंगल म्हणजे रुळांच्या पलीकडे दिसणारी हिरवी रेघ. लग्न होऊन नागभीडकडच्या या गावात आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "आई, मोहाला जाताना कुत्रा न्यायचा ना सोबत." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भातात साखर घालायला सांगितलं आहे.

मग त्यांनी समजावलं. मोहाची फुलं माणसाइतकीच अस्वलाला आवडतात. कुत्र्याला अस्वलाचा वास आला की ते भुंकत त्याच्या अंगावर जातं. अस्वल उलटलं की कुत्रं शेपूट घालून पळतं. आणि पळून जाईल कुठे? मालकाकडेच. "कुत्रं सोता मांगं लपते आन अस्वल आपल्या पुढं आनून उभं करते," त्या म्हणाल्या. एवढं सांगून त्या टोपली घेऊन निघून गेल्या, आणि मी पुढची काही वर्षं या विषयावर तोंड उघडलं नाही.

तोंड उघडायची पाळी आली ती शेजारच्या गावातल्या एका बाईला मोहाखाली अस्वलाने फाडलं तेव्हा. जीव वाचला, पण हात कामाचा राहिला नाही. नवरा राइस मिलमधून घरी आला तो हीच बातमी घेऊन, आणि चप्पल काढायच्या आधी त्याने आईला सांगून टाकलं, "माय, आता मोहाले जाचं नाई. पुढल्या सालीबी नाई. संपला विषय."

आता यात काय अडलं होतं ते सांगायला हवं. इथे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. लिहिलेलं कुठेच नाही, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कोणतं झाड कोणाचं. सासूबाईंचं झाड नाल्याच्या पलीकडे आहे. ते त्यांना त्यांच्या सासूने दिलं. एखाद्या हंगामात झाडाखाली घरचं कोणी फिरकलं नाही की लोक म्हणतात, अमक्याने झाड सोडलं. मग पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्याची टोपली दिसली तर भांडायलाही तोंड राहत नाही. सासूबाई मुलाशी भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं. पण जेवताना त्यांचा हात नुसता ताटात फिरायचा. घरात शेती आहे, मुलाची नोकरी आहे, माझी अंगणवाडी आहे, पण स्वतःचं म्हणावं असं त्या बाईकडे ते एक झाडच होतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

मी हट्टी आहे. माहेरी म्हणायचे त्यापेक्षा थोडी कमी, सासरी म्हणतात त्यापेक्षा थोडी जास्त. मी नवऱ्याला म्हटलं, "अस्वलाच्या अंगावर न जाणारा आणि पळून न येणारा कुत्रा असला, तर जाऊ द्याल?"

"असा कुत्रा असते का?"

"नसतो. करावा लागतो."

तो हसला. "कर मंग. इथी मानसं आयकत नाईत, तू कुत्र्याले शिकवशीन."

पण मला एका गोष्टीचा भरवसा होता. ज्या बाईने तीन वर्षांच्या पोरांना खिचडी वाढेपर्यंत रांगेत बसवून दाखवलं आहे, तिला एक कुत्रं बसवता येणार नाही? पावसाळा सरता सरता नवऱ्यानेच मिलच्या मागचं एक पिल्लू पोत्यात घालून आणलं. तांबडं, गावठी, एक कान उभा आणि एक झोपलेला. सासूबाईंनी लांबूनच पाहिलं आणि जाहीर केलं की त्या त्याच्याशी बोलणार नाहीत. कुत्र्याशी बोलणं त्यांना वेडेपणाचं वाटे. भाकरी टाकायची, बस.

शिकवणं असं होतं: अंगणात टोपली ठेवायची, त्याने टोपलीशेजारी बसायचं. काही दिसलं, कसला वास आला, तर जागा सोडायची नाही, फक्त गुरगुरायचं. मी वाकून खोटं खोटं वेचायचे, आणि टोपली उचलून डोक्यावर घेतली की त्याने उठून माझ्या पायाशी चालायचं. बक्षीस काय द्यावं याचा मी फार विचार केला. भाकरीचा त्याला कंटाळा, गुळाचे हात चिकट. मग मला नामी कल्पना सुचली. घरात आदल्या हंगामातले वाळलेले मोह होते. गोड, मुठीत मावणारे, न नासणारे. मोहाचंच काम शिकवायचं आहे तर बक्षीसही मोहाचंच. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की नवऱ्याला दोनदा सांगितलं.

पिल्लू भराभर शिकलं. इतकं भराभर की मला शंका यायला हवी होती.

थंडीत एका सकाळी सासूबाईंनी डब्यातले मोह उन्हात वाळत घातले. मी अंगणवाडीतून आले तेव्हा चादरीचा निम्मा भाग स्वच्छ झाला होता. आणि आमचा विद्यार्थी चादरीशेजारी बसला होता. नीट, पाठ ताठ करून, शिकवल्याप्रमाणे. मग त्याने एक फूल उचललं, खाल्लं, उठला, पुन्हा नीट बसला आणि दुसरं उचललं. स्वतःच मास्तर, स्वतःच विद्यार्थी आणि बक्षीस वाटायलाही स्वतःच. सासूबाई ओट्यावरून हे सगळं बघत होत्या, त्यांनी त्याला हाकललंही नव्हतं.

"मी म्हटलं, तू आल्यावर पाह्यशीन," त्या म्हणाल्या. "जंगलात एक अस्वल होतं. तू घरी दुसरं पोसून राह्यली."

त्या रात्री जेवताना नवरा हसून हसून ठसकला. गावभर झालं. विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन व, तुमचं अस्वल कसं हाय?" मी रागाने दोन दिवस कुत्र्याशीही बोलले नाही, जसा काही दोष त्याचा होता. मग पुन्हा मुळापासून सुरुवात केली. आता बक्षीस म्हणून सुक्या मासोळीचा तुकडा, आणि तोही मोह सोडला तरच. आधी टोपलीत मोह ठेवून माझा हात वर. मग हात बाजूला. मग मी चार पावलं लांब. त्याच्या तोंडातून लाळ गळायची, पुढचे पाय थरथरायचे, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की मीच एक फूल द्यावं असं वाटायचं. पण संक्रांत उलटून गेल्यावर एके दिवशी त्याच्या नाकावर फूल ठेवलं तरी तो हलला नाही. मी शेजारच्या मामींना हाक मारून दाखवलं. मामी म्हणजे सासूबाईंची मोहाची जोडीदारीण, त्यांचं झाड आमच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. मामी म्हणाल्या, "माया नातू असा बसला असता तं मी देवाले नारळ फोडला असता."

जागा न सोडणं मोह सोडण्यापेक्षा कठीण गेलं. कोंबड्या, बकऱ्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे छपरावर येणारी वानरं. मी दोर त्याच्या गळ्यात आणि दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं होतं. एकदा मोठा वानर भिंतीवरून उडाला आणि मी अंगणभर फरफटले. पण शिकला. वानर दात विचकून समोर बसला तरी हा टोपलीशी बसून नुसता घशात गुरगुरायचा. शेवटी नवऱ्याने काळी घोंगडी पांघरून अस्वल व्हायचं कबूल केलं. भाताच्या तणसाच्या ढिगामागून तो चारी पायांवर आला. कुत्र्याने वासावरून मालक ओळखलाच असणार, कारण तो शेपूट हलवत गुरगुरला. पण जागा सोडली नाही. घोंगडीतून नवऱ्याचा आवाज आला, "आयकलं बा यानं." त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो सेविकेची नेमणूक झाली तेव्हाही वाटला नव्हता.

मोह पडायला लागले. पहिले काही दिवस नवरा स्वतः काठी घेऊन सोबत गेला आणि रोज परत येऊन फक्त "हं" म्हणाला. त्याचं "हं" म्हणजे परवानगी. चांगलं उजाडल्यावर निघायचं आणि मामींना सोडून लांब जायचं नाही, एवढ्या अटीवर सासूबाई आपल्या झाडाखाली गेल्या. टोपली डोक्यावर, कुत्रा पायाशी, त्याच्याशी एक शब्द न बोलता.

आणि मग ती सकाळ. मी अंगणवाडीत पोरांना रांगेत बसवत होते तेव्हा मामी दारात आल्या. घामाघूम. म्हणाल्या, "घाबरू नोको, बरी हाय तुयी सासू. अस्वल आलतं." मी तिथेच, पोरांच्या रांगेत, खाली बसले.

मामींनी सांगितलं ते असं. सासूबाई वाकून वेचत होत्या. कुत्रा टोपलीशी बसलेला. तो एकाएकी गुरगुरायला लागला, भुंकला नाही. सासूबाईंनी कंबर सरळ करून पाहिलं, तर नाल्याच्या काठाशी, बांबूंच्या बेटाजवळ, अस्वल. अजून लांब होतं. मोहाच्या वासाने सरळ झाडाकडे येत होतं. त्यांनी हळूच मामींना आवाज दिला आणि दोघी, पाठ न फिरवता, मागे मागे सरकू लागल्या. वाटेपर्यंत आल्या, तर कुत्रा सोबत नाही. तो तिथेच. टोपलीशेजारी. अंगावरचे केस उभे, घशात गुरगुर, आणि मान वळवून सासूबाईंकडे बघतो आहे, पण उठत नाही.

कसा उठेल? टोपली जमिनीवर होती. टोपली डोक्यावर गेल्याशिवाय उठायचं नाही, हे मी त्याला मासोळीच्या तुकड्यांनी पक्कं शिकवलं होतं. टोपली टाकून जायची वेळ येईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे वेचलेले मोह कोणी टाकून येत नाही.

"तुया सासूनं हाका मारल्या," मामी सांगत होत्या. "ये रे, ये रे. तो काई हालेना. मी म्हटलं, चाल व बाई, कुत्रं हाय, येईन मांगून. तं ते माया हात झटकून वापस गेली. धावली नाई. अशी हळूहळू गेली, टोपली उचलली, डोक्यावर ठेवली. तवा तो उठला. अस्वल तिकडून पाहून राह्यलं, आन हे दोघं इकडून वापस येऊन राह्यले."

मी मदतनीस बाईंवर पोरं सोपवून घरी धावले. सासूबाई अंगणात पाय पसरून बसल्या होत्या, टोपली बाजूला आणि टोपलीच्या बाजूला तो. मी इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला. "कुत्र्यासाठी मागे गेलात? काही झालं असतं म्हणजे?" आणि मग मला रडू फुटलं, ते आवरेना.

त्यांनी मला ओरडू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मी त्याले सोडून निंगाली होती. तो मायासाठी बसून होता ना व. त्याले तसा सोडून आली असती तं मले जेवन गेलं नसतं."

संध्याकाळी नवरा आला. त्याला मामींनी वाटेतच सगळं सांगितलेलं. मला वाटलं, आता झाडही गेलं आणि कुत्राही. तो काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "थांब. याच्या शिक्षनात एक कमी हाय. ते भरून निंगाली का मंग बोलजो." आणि माझ्याकडे वळून, "मले शिकव. त्याले कसं बोलवाचं."

दुसऱ्या दिवशी कोणी मोहाला गेलं नाही. अंगणात टोपली ठेवली, आदल्या दिवशीच्या मोहांनी भरलेली. कुत्रा शेजारी बसला. सासूबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, मुठीत मासोळी धरून. हाक मारायला त्यांना लाज वाटत होती. नव्या नवरीसारख्या इकडे तिकडे बघत होत्या. "ये," त्या म्हणाल्या. तो हलला नाही. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने. त्याने माझ्याकडे पाहिलं. सांगणारी मी होते, आणि मी शिकवलेली उठायची खूण म्हणजे टोपली उचलणं.

मला कळलं की मी समोर आहे तोवर तो त्यांचं ऐकणार नाही. मी मेहनत घेऊन घडवलेलं जनावर, आणि आता मीच बाजूला व्हायचं होतं. जड गेलं, खोटं कशाला सांगू. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मग मागून सासूबाईंचा आवाज आला, पण तो हाक मारल्याचा नव्हता. घरातल्या पोराला जवळ घेताना इथल्या बाया ज्या आवाजात बोलतात, तो होता. "ये बाबू. राहू दे ते मोह. अस्वलाले खाऊ दे. तू ये."

माझ्या पाठीमागून नखांचा आवाज धावत गेला.

"आला व पोरी," सासूबाई ओरडल्या, "टोपली सोडून आला!" ओट्यावरून नवरा म्हणाला, "माय, उद्या मोहाले जाशीन तं मलेबी उठवजो. पाहाले येईन." मी भिंतीकडे तोंड करूनच उभी राहिले. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटत होता की लगेच वळून कोणाला तोंड दाखवता आलं नसतं.