कुऱ्हाड ज्याच्या हाती होती

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे थोरले काका गणपतराव गेले. शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावी, राहत्या घरी, ओसरीवरच्या बाजेवर. वय चौऱ्याण्णव होते.

निजामाच्या राज्यात शिंदीचे झाड तोडणे गुन्हा होता. त्याच्या रसाची दारू होई आणि दारूवरचा कर सरकारी खजिन्यात जाई. म्हणून सत्याग्रहींनी तीच झाडे तोडायची, पळायचे नाही, हात उगारायचा नाही, पोलीस येईपर्यंत झाडापाशीच थांबायचे, असे ठरले होते. काका आणि त्यांचे धाकटे भाऊ किसनराव, म्हणजे माझे वडील, ओढ्याकाठी गेले. घरात कुऱ्हाड एकच. दोघांनी आळीपाळीने घाव घातले. वडील दमले, त्यांनी कुऱ्हाड काकांकडे दिली, झाड पडले आणि पोलीस आले. कुऱ्हाड ज्याच्या हाती, त्याला धरले. "मी बी तोडलं," वडील सांगत राहिले. जमादाराने त्यांचा कान पिळला. "जा बे घर को, अम्मा रोती हुइंगी."

काका तुरुंगात असतानाच आजी वारली. ते सुटून आले ते स्वातंत्र्यसैनिक म्हणून. पुढे दरवर्षी मराठवाडा मुक्तिदिनी शाळेच्या झेंड्यासमोर पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची असे. वडील मागे, कुंपणाच्या भिंतीपाशी उभे राहत. काका हाक मारत, "ये की किसन्या, बस." उत्तर ठरलेले: "मी कुठं जेलात गेलतो?" मी तालुक्याचा वार्ताहर. दुसऱ्या दिवशी माझी बातमी वाचून वडील पेपरची चौकोनी घडी घालत. "छापलं का तुझ्या काकाचं? आमी काय तिथं शिंदी प्यायला गेलतो?" नोंद नाही, साक्षीदार नाही, असे मी म्हणे. साक्षीदार एकच होता, आणि तो या विषयावर गप्प असे.

आषाढात काकांनी अंथरूण धरले. वडील रोज शेजारच्या घरातून येऊन बाजेपाशी बसत. एका दुपारी मी विचारून टाकले, "काका, झाड बाबांनीही तोडलं होतं का?"

"निम्म्याहून जास्ती त्यानंच."

वडील ताठ झाले. "मग इतकी वर्षं काहून बोलला न्हाईस, दादा?"

"तू सांगितलंस का, माय जाताना काय बोलली ते? तू व्हतास तिच्यापाशी. मी न्हवतो..."

वडिलांनी काकांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "तुझंच नाव घेत व्हती. गणपत जेवला का, गणपत जेवला का... मी तोंडात पाणी घालून राहिलो, अन् ती तुला इचारून राहिली."

काकांनी तोंड भिंतीकडे केले. "मला वाटलं, तुझं घेतलं असंल."

यंदाच्या मुक्तिदिनी पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावले. वडील भिंतीपाशीच उभे राहिले. बातमीत मी दोघांचीही नावे दिली, काकांच्या सांगण्याचा हवाला देऊन. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ती वाचली, पेपरची घडी घातली, शेजारच्या ओसरीवर गेले आणि पेपर काकांच्या बाजेवर, उशाशी ठेवला.